बंद घरांची वाढ

४ नोव्हेंबर

पोचलो एकदाचे. साहेबांनी मला शिक्षा म्हणून या आडगावच्या जिल्हा कचेरीत पाठवलं, आणि मला मात्र माहेरी आल्यासारखं वाटतंय. हेड ऑफिसातल्या अंधाऱ्या ब्लॉकपेक्षा हे घर शंभरदा बरं. दोन खोल्या, लांबट स्वयंपाकघर, तिन्ही बाजूंनी खिडक्या, आणि नळाला पाणी येतं तेही धो धो. आईने सगळे नळ उघडून पाहिले आणि मग एखादा दागिना परत ठेवावा तसे बंद केले.

हे घर घेतलं त्याचं खरं कारण गल्लीच्या टोकाला आहे. तिथे सरकारी दवाखाना आहे आणि त्यात ऑक्सिजनची खोली. आईचा दमा कधी उचल खाईल याचा नेम नसतो. स्वयंपाकघराच्या खिडकीतून दवाखान्याचं दार दिसतं. आईने खुर्ची तिथेच लावून घेतली. म्हणाली, दार दिसलं तरी अर्धा दमा जातो.

साहेब शेवटच्या मीटिंगमध्ये सगळ्यांदेखत म्हणाले होते की या बाईंना काम द्यायचं ते आपल्या नातवंडांनी पुरं झालेलं बघावं म्हणून. सगळे हसले. मीही हसले, कारण न हसून सांगते कुणाला. पण डूख धरलाय. सहा महिन्यांचं काम वर्ष संपायच्या आत त्यांच्या टेबलावर नेऊन नाही आपटलं तर नावाची नाही.

७ नोव्हेंबर

काम काय ते इथे लिहून ठेवते, कारण आई रोज विचारते आणि रोज विसरते. जिल्ह्यातली सगळी कुटुंबं गरिबापासून श्रीमंतापर्यंत एका रांगेत उभी करायची, आणि बरोबर मधोमध जे येईल त्याला विचारायचं, बाबा, तुला वर्षाला किती मिळतं. त्याचं उत्तर म्हणजे मध्यक. सरासरी नव्हे. सरासरीत एक खाणमालक शिरला की अख्खी गल्ली कागदावर श्रीमंत होते. मधल्या घराला असं फुगवता येत नाही. आई म्हणाली, मग त्या मधल्या घरालाच विचारून ये की, बाकीच्यांना कशाला त्रास. तिला म्हटलं, ते मधलं घर कुठलं, तेच शोधायला तर मला पगार मिळतो.

सगळ्यांना विचारणं शक्य नसतं, म्हणून ठरावीक घरं निवडलेली असतात. दरवर्षी त्यांनाच विचारायचं. गेल्या दहा वर्षांचे आकडे जोडले की रेष वर चाललीय की खाली ते दिसतं. सरकारने एक पातळी ठरवून दिली आहे. मधलं घर तिच्या खाली असेल तर जिल्ह्याला दवाखान्यांसाठी जादा पैसा मिळतो. वर गेलं की जिल्हा आपल्या पायावर उभा राहिला असं समजतात आणि पैसा बंद.

मदतीला दोन माणसं मिळाली. जीप चालवणारे मामा, जे कुणाचेच मामा नाहीत, आणि दारोदार जाऊन विचारायला एक हंगामी बाई. ती दुपारच्या उन्हातही राखाडी स्वेटर घालते, म्हणून आईने तिचं नाव स्वेटरबाई ठेवलं. अक्षर सुरेख आहे आणि बोलणं बेताचं. मला अशीच माणसं आवडतात.

१२ नोव्हेंबर

इथल्या कचेरीत एक रीत आहे, तिला हे लोक 'ओढणं' म्हणतात. घराला कुलूप दिसलं तर दोनदा दार वाजवायचं. उत्तर नाही आलं की 'बंद' लिहायचं, दारावर चिठ्ठी चिकटवायची, आणि त्या घराचा मागच्या वेळचा आकडा थोडी वाढ धरून पुढे ओढायचा. बंद वेगळं आणि रिकामं वेगळं. रिकामं लिहायचं तर अधिकाऱ्याने स्वतः आत जाऊन खात्री करावी लागते. बंद लिहायला काहीच करावं लागत नाही. साहजिकच इथे रिकामं घर एकही नाही.

मला रीत सोयीची वाटली. कागदी घोडे नाचवायचेच आहेत तर निदान वेगात तरी नाचवावेत.

१९ नोव्हेंबर

आज डोंगरातली वरची आळी केली. केली म्हणजे काय, जीप पायथ्याशीच थांबते आणि पुढे खडी चढण. पाटीच्या दगडांच्या बंद खाणीशेजारी घरांची एक ओळ दिसते, सगळी दारं लागलेली. मामा म्हणाले, ताई, आधीचे साहेब लोक इथूनच दोनदा हॉर्न वाजवायचे. दोन हॉर्न म्हणजे दोनदा दार वाजवलं असं धरतात. मी हसत सुटले. उंटावरून शेळ्या हाकणं ऐकलं होतं, जीपमधून दारं वाजवणं पहिल्यांदाच.

स्वेटरबाई जीपमधून उतरून उभी राहिली. म्हणाली, मॅडम, एकदा वर चला. मी म्हटलं, कशाला. ती म्हणाली, बघायला. माझे गुडघे, ऊन, आणि अजून निम्मा जिल्हा बाकी. मी मामांना खूण केली. त्यांनी दोनदा हॉर्न वाजवला. डोंगरावरून काहीच उत्तर आलं नाही. अख्खी आळी बंद.

२६ नोव्हेंबर

गंमत झाली. आमच्या गल्लीतली घरं कमी पडत होती, तर आमचंच घर यादीत टाकलं. नियमात बसतं. स्वेटरबाई रीतसर दार वाजवून आली. घरात किती माणसं? दोन. मिळवतं कोण? मी. आई खिडकीतल्या खुर्चीवर बसून राणीसारखी उत्तरं देत होती. मध्येच माझ्याकडे वळून म्हणाली, अगं, जरा ऊन खा, किती पांढरीफटक पडलीयस. मग बिस्किट मोडून अर्धं स्वेटरबाईला दिलं आणि हसली. स्वेटरबाईने ते खाल्लं नाही, रुमालात बांधून घेतलं. निघताना दारात थांबून म्हणाली, तुमच्या आई फार चांगल्या आहेत. तिचा आवाज जरा वेगळा लागला.

३ डिसेंबर

आज स्वेटरबाई स्वतःहून बोलली. ती त्याच वरच्या आळीची. सहा वर्षांपूर्वी पायथ्याशी लहानसा दवाखाना होता. जिल्ह्याचं मधलं घर एका वर्षापुरतं पातळीच्या जरासं वर गेलं आणि तो दवाखाना कायमचा बंद झाला. त्याच थंडीत आळीत ताप शिरला. ही औषधासाठी चालत शहरापर्यंत गेली. परत आली तेव्हा नवरा, दोन मुली आणि ओळीतली सगळी घरं संपली होती. त्यानंतर दरवर्षी ती कचेरीत येऊन सांगते की तिथे कोणी नाही, रिकामं लिहा. दरवर्षी तिला मृत्यूचे दाखले मागतात. दाखले देणारा दवाखानाच नव्हता.

मी ऐकून घेतलं. वाईट वाटलं, खोटं कशाला लिहू. संध्याकाळी गंमत म्हणून ती आळी वगळून हिशेब केला. सहा वर्षं वाढ धरत धरत ती मेलेली घरं कागदावर चांगली खाऊन-पिऊन सुखी झाली आहेत, आणि रांगेतल्या मधल्या घराला वर ढकलतायत. ती काढली की जिल्हा पातळीच्या खाली येतो. म्हणजे मागची सहाही वर्षं पुन्हा करायला हवीत. दोन महिन्यांचं काम. साहेब म्हणतील, बघा, नातवंडं.

तिला म्हटलं, दाखल्याशिवाय मला काही करता येत नाही, आकड्याला दयामाया नसते. ती बरं म्हणाली. मग म्हणाली, वाढ मात्र एकदा डोळ्यांनी बघा, मॅडम. मी आळी तशीच ठेवून अंदाज पाठवून दिला.

९ डिसेंबर

साहेबांचा फोन. आवाज असा, जणू तोंडात मीठ पडलंय. एवढ्या लवकर होईल असं वाटलं नव्हतं, म्हणाले. मी म्हटलं, तुमच्या नातवंडांना आता काय दाखवणार, त्याचीच मला काळजी आहे. फोन ठेवून आईला मिठी मारली. उट्टं काढायचं सुख काय असतं ते आज कळलं. दिवसभर गुणगुणत होते.

संध्याकाळी दवाखान्याच्या दारावर कागद लागला. जिल्हा सक्षम झाल्याने ऑक्सिजनची खोली सोमवारपासून बंद. मी गृहीत धरलं होतं की सरकारी काम आहे, वर्षभर रेंगाळेल. आईने खिडकीतून वाचायचा प्रयत्न केला. तिला म्हटलं, रंगकाम चाललंय.

१७ डिसेंबर

शहरातल्या लॉजमधून लिहितेय. आई गेली. परवा दुपारी धाप लागली. मी तिला उचलून दवाखान्यापर्यंत नेलं, तर खोलीला कुलूप. मामांनी जीप जितकी पळवता येते तितकी पळवली. डोकं माझ्या मांडीवर होतं. वळणावळणावर ती माझा हात दाबत होती आणि एका वळणानंतर दाबला नाही.

इथेच सगळं उरकलं. मी केलं हे. साहेबांना एक वाक्य ऐकवता यावं म्हणून केलं. दुसऱ्या कुणाला बोल लावायला जागाच नाही, आणि माझ्यासारख्या भांडकुदळ बाईला याहून मोठी शिक्षा नाही.

२२ डिसेंबर

परत आले. आमच्या दारावर चिठ्ठी. सुरेख अक्षर. बंद.

कुलूप उघडलं. आई खिडकीतल्या खुर्चीवर बसली होती. माझ्याकडे वळून म्हणाली, अगं, जरा ऊन खा, किती पांढरीफटक पडलीयस. बिस्किट मोडून अर्धं पुढे केलं आणि हसली.

मी तिच्या पायांशी बसून पोटभर रडले. हात लावून पाहिला, उबदार आहे. धाप नाही. खोकला नाही. मला वेड लागलं असेल तर लागू दे, मी कुणाला सांगणार नाही.

२३ डिसेंबर

आई आहे. सकाळी वळली, तेच म्हणाली, तसंच बिस्किट दिलं. दुसरं काही बोलत नाही. मी विचारते, जेवलीस का, ती हसते. चालेल. मला एवढंही पुष्कळ आहे.

सकाळी कुणीतरी दार वाजवलं, दोनदा, अगदी हळू. उघडेपर्यंत गल्ली मोकळी. दारावर नवी चिठ्ठी होती.

२५ डिसेंबर

रोज चिठ्ठी. रोज दोनदा.

आईचा चेहरा थोडा मोठा वाटतो. वाटतो म्हणजे आहेच. चष्मा कानशिलांत रुतलाय. हसू काल होतं त्याहून जरा रुंद. बिस्किट माझ्या तळहातात मावलं नाही. खुर्ची करकरली.

मी खिडकीचा पडदा ओढून घेतला. लोकांनी पाहू नये.

२६ डिसेंबर

वर गेले. एकटी, चालत, भर दुपारी. गुडघ्यांची आठवणही झाली नाही.

पहिल्या घराचं दार ढकललं. माणसं आत बसली होती, जेवायला बसतात तशी. त्यांची डोकी छपराच्या वाशांना टेकली होती, माना वाकड्या झाल्या होत्या, गुडघे दोन्हीकडच्या भिंतींना लागले होते. एक म्हातारा घास उचलत होता. उचलून झाला की पुन्हा तोच घास. माझ्याकडे सगळ्यांनी पाहिलं, तोंडांत घास घेऊन, रागाने. दुसरं घर तसंच. तिसरं तसंच. शेवटच्या घरात दोन मुली एकमेकींच्या वेण्या घालत होत्या. हात छपराला घासून सोललेले. वेण्या घालणं थांबत नव्हतं. त्या एवढ्या झाल्या आहेत की त्यांना आता दारातून बाहेर काढताच येणार नाही. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात म्हणतात. इथे वासेच तेवढे जागेवर होते.

पायरीवर स्वेटरबाई बसली होती. तिने शांतपणे सांगितलं. दरवर्षी हॉर्न वाजतो, दरवर्षी तिच्या मुली थोड्या वाढतात. ती त्यांना रोज पाणी पाजते, ते ओघळून जातं. मरण आलं तेही पुरतं येऊ दिलं नाही म्हणाली. सहा साहेबांना तिने हात जोडले. एकही वर चढला नाही. सातव्या मी. हात जोडून काही होत नाही हे कळल्यावर ती रीत शिकली आणि मोजणीला लागली. या जीपवाल्यांनी वर्षातून एकदा केलं, ते ती माझ्या घराला रोज करणार आहे.

मी विचारलं, काय हवंय. म्हणाली, आत जाऊन बघितलंत ना, आता रिकामं लिहा. ही आळी आणि तुमचं घर. दोन्ही.

मी म्हटलं, आळी आत्ता लिहिते, माझं घर राहू दे. ती पहिल्यांदा हसली. म्हणाली, माझ्या मुली मेलेल्या आणि तुमची आई तेवढी जिवंत, असं कसं चालेल. सगळ्यांना रीत एकच.

२७ डिसेंबर

नाही लिहिणार.

तिने मला कात्रीत धरलं तर मीही काही कमी नाही. माझ्या आईला माझ्याच हाताने मारायला लावते काय. बस म्हणावं वेण्या बघत. एका सहीने तिच्या मुली सुटतील ना, मग ती सही मी देणारच नाही. साहेबांचं उट्टं काढताना नव्हता आला इतका राग आलाय, आणि खरं सांगते, या रागाने बरं वाटतंय. निदान रडू येत नाही.

आई म्हणाली, जरा ऊन खा.

२९ डिसेंबर

तिचं डोकं खिडकीच्या वरच्या चौकटीपाशी आलंय. खुर्ची मोडली. जमिनीवर बसते. हसताना गाल — हसू कानांच्या मागे जातं.

डोळे तेवढे तिचे आहेत. ते हसत नाहीत. आज त्यांतून पाणी येत होतं. तेही वाक्य म्हणताना, तेही बिस्किट देताना. तिला दुखतंय. मी तिला ठेवलीय आणि तिला दुखतंय.

३० डिसेंबर

चप्पल होत नाही. मला. पाय सुजलेत असं वाटलं होतं. मग ब्लाउजच्या मनगटापर्यंतच्या बाह्या पाहिल्या — कोपराच्या वर. पेन बोटांत सापडत नाही नीट.

घरात किती माणसं, तिने विचारलं होतं. आईने सांगितलं होतं, दोन.

घर ओढलंय. फक्त आई नाही. घर.

३१ डिसेंबर

ठरलं. लिहिणार. आळी, आई, सगळं. मुली सुटू देत. आई सुटू दे. कसला राग नि कसलं काय.

कचेरीत जायला निघाले. दारातून खांदे — आडवी होऊन पाहिलं. डोकं आधी, हात आधी. नाही. खिडक्या त्याहून लहान. कालपर्यंत जात होते. काल गेले असते तर —

मामांना हाका मारल्या. गल्लीतले लोक आमच्या दारावरून नुसते जातात. बंद घराकडे कोण बघतं.

आईने मागून केसांवरून हात फिरवला. हात जड आहे. मान खाली गेली.

१ जानेवारी

इथेच लिहिलं. वहीच्या पानावर, मोठ्या अक्षरात. वरची आळी रिकामी. हे घर रिकामं. माझी सही. ती आली की दाराखालून सरकवते. तिला हेच हवं होतं. तिला पाहिजे ते देतेय मी. वाईट बाई नाही ती, आईने तिला बिस्किट —

दारापाशी बसून आहे. आई मागे. तिचा श्वास सगळ्या घरात आहे.

२ जानेवारी

आली.

एकदा वाजवलं. मी ओरडले, आहे, मी आहे, उघडं आहे घर. आई गेली. सतरा तारखेच्या आधीच गेली, माझ्या मांडीवर गेली. रिकामं लिही. तुझ्या मुली पण, सगळे. मी बघितलंय, मी वर चढले होते. कागद सरकवला.

दाराच्या फटीतून तिचा हात दिसला. कागद उचलला. वाचला. घडी घातली आणि परत आत सरकवला. तिचा आवाज आला, नेहमीसारखा, बेताचा. बंद घरातली सही धरत नाहीत. दाखला आहे का, मॅडम.

मग दुसऱ्यांदा वाजवलं. माझं ओरडणं चालूच होतं. ती ऐकत होती, मला माहीत आहे, ती पूर्ण ऐकून घेत होती. मग चिठ्ठी चिकटवल्याचा आवाज. हाताने नीट दाबली. चारही कोपरे.

गेली. पायरीवरून, गल्लीतून, घाई नाही.

छत खाली आलंय की मी — आई वळतेय. मान वळायला जागा नाही तरी वळतेय. डोळ्यांत पाणी आणि ते हसू — मला माहीत आहे ती काय म्हणणार — मी उत्तर देईन, मी त्या दिवशी काय उत्तर दिलं होतं ते आठवत नाही, पण तोंड आपोआप —

उद्या मी हेच लिहीन. हेच, फक्त जरा